स्लो लोकलचा डाव

कळव्यात राहणाऱ्याला संथपणाची सवय आपोआप लागते. माझ्या नोकरीच्या काळात फास्ट लोकल आमच्याकडे थांबत नसे. स्लो गाडीने व्हीटी गाठायला तासभर तरी जायचा. तेवढ्या वेळात मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून आमची रमी रंगायची. समोरचा भराभर डाव लावणारा असला, की आधी प्युअर सिक्वेन्सच्या मागे लागायचे आणि न जुळणारे राजे-राण्या लवकर टाकून द्यायच्या. त्याने डाव दाखवलाच, तरी आपल्या अंगावर गुण कमी चढतात.

हे शहाणपण सत्तरीत पुन्हा उपयोगी पडले. एका मे महिन्यात तेरा वर्षांचा नातू रडवेला होऊन घरी आला. ‘‘आजोबा, हा पत्त्यांचा डबा माळ्यावर टाका,’’ म्हणाला.

हे पत्ते बावन्न पानांचे नव्हेत. खेळाचे नाव ‘मॅजिक : द गॅदरिंग’. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला हा खेळ १९९३ मध्ये बाजारात आला. यात प्रत्येकजण आपला डेक स्वतः बांधतो. किमान ६० पानांचा. दोघांना २०-२० लाइफ असतात. ते संपले की हार. पाने खेळायला ‘लँड’ लागते आणि ती एका पाळीत एकच मांडता येते. म्हणून महागडे पान उशिराच उतरते.

नातवाने सहा-सहा लँडचे ड्रॅगन भरले होते. मित्राचे स्वस्त प्राणी दुसऱ्या पाळीपासूनच हल्ला करीत. ड्रॅगन येईतो खेळ खलास! मग आम्ही नुसत्या भिंती भरल्या. हार लांबली, पण जिंकणार कशाने?

तिसऱ्यांदा कागदावर हिशेब मांडला. फास्ट डेकचा हात चार-पाच पाळ्यांत रिकामा होतो. तोवर तगायचे. २५ लँड, २० स्वस्त पाने, भिंती आणि एकेक प्राणी टिपणारी, ११ पाने नवी पाने ओढायला आणि मैदान साफ करायला, आणि जिंकण्यासाठी फक्त ४ ड्रॅगन.

अवघड होते ते थांबणे. मैदान साफ करणारे पान एका प्राण्यावर खर्च करायचे नाही. तीन-चार जमू द्यायचे. तोवर मार खायचा. नातू घाबरायचा. मी म्हणायचो, ‘‘अरे, २० लाइफ शोभेला दिलेले नाहीत. शेवटचा एक शिल्लक राहिला तरी पुरे.’’

पहिला डाव तो हरलाच. दुसरा तीन लाइफ राखून जिंकला. तिसरा पुन्हा हरला. पण घरी येऊन रडला नाही. वही काढली आणि विचारले, ‘‘आजोबा, एक लँड वाढवू या का?’’

डबा काही माळ्यावर गेला नाही.