मुलूख हरवलेलं बंदर : त्रिएस्ते



भूमध्य समुद्रावरच्या एखाद्या बंदराविषयी बोला, असं व्याख्यानमालेच्या संयोजकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात बहुधा मार्सेय असावं. सावरकरांच्या उडीमुळे ते नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचलंय. मी मात्र आज त्रिएस्तेबद्दल बोलणार आहे. इटली आणि बाल्कन देश यांच्या मधून भूमध्य समुद्राचा एक लांबट फाटा उत्तरेला शिरतो, तो एड्रियाटिक. त्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात हे शहर. इटलीतलं खरं, पण स्लोव्हेनियाची सरहद्द काही किलोमीटरवर. मागून चुनखडीचं पठार इतकं जवळ आलेलं की पसरायला जागाच नाही. वस्ती आज सुमारे दोन लाख. 1910 च्या खानेसुमारीत मात्र ती सव्वादोन लाखांच्या वर होती! शंभर वर्षांत जगातली बहुतेक बंदरं फुगली, हे आटलं.

का आटलं? बंदर म्हटलं की आपण समुद्राकडे बघतो. माझं म्हणणं असं, की बंदर समजून घ्यायचं तर धक्क्यावर उभं राहून समुद्राकडे पाठ करावी आणि मागे कुणाचा मुलूख आहे ते पाहावं. त्रिएस्तेची सगळी कहाणी त्या मागच्या मुलखाची आहे.

रोमन काळात इथे तेर्गेस्ते नावाचं गाव होतं. सान जुस्तोच्या टेकडीच्या पायथ्याशी त्या काळातलं नाट्यगृह अजून दिसतं, शेजारून रहदारी चाललेली असते. पण तो इतिहास मी मागे टाकतो. शेजारच्या व्हेनिसच्या दडपणाला कंटाळून 1382 साली या गावानं ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याचा आश्रय घेतला, आणि पुढची तीनशे वर्षं मासे, मीठ आणि थोडी द्राक्षं यांवर निवांत काढली. मग 1719 मध्ये सम्राट सहाव्या चार्ल्सनं ते खुलं बंदर जाहीर केलं. जकात माफ, माल उतरवा, साठवा, विका. व्हिएन्नाच्या दरबाराला समुद्र हवा होता आणि त्याच्या हाती किनाऱ्याचा हा तुकडा होता. म्हणजे हे शहर हुकमानं घडलं. चार्ल्सची मुलगी मारिया तेरेसा हिच्या काळात मिठागरं बुजवून सरळ रेषेत रस्ते आखले गेले, आणि गलबतं थेट गोदामांच्या दाराशी यावीत म्हणून मधोमध कालवा ठेवला. तो भाग आजही तिच्याच नावानं ओळखतात. 1781 मध्ये तिचा मुलगा दुसरा जोसेफ यानं इतर धर्मीयांना मोकळीक देणारं फर्मान काढलं, आणि ग्रीक, सर्ब, ज्यू, आर्मेनियन व्यापारी येऊन स्थायिक झाले. सर्बांचं निळ्या घुमटांचं चर्च, ग्रीकांचं धक्क्यालगतचं चर्च आणि 1912 साली उघडलेलं प्रचंड सिनेगॉग, सगळं चालत पाहता येतं. हे सहिष्णुतेचं स्मारक म्हणून दाखवतात. मला त्यात सहिष्णुतेइतकाच हिशोबीपणा दिसतो, आणि त्यात काही वावगं वाटत नाही. व्यापार हवा तर व्यापारी हवेत, आणि व्यापारी आपला देव बरोबर घेऊन येणारच.

पुढे विमा आला, आगबोटी आल्या. जेनेराली ही विमा कंपनी 1831 ची, ऑस्ट्रियन लॉइड ही जहाज कंपनी 1833 ची. मग रेल्वे. व्हिएन्ना आणि समुद्र यांच्यामध्ये आल्प्स आडवा. झेमेरिंगच्या घाटातून कार्ल फॉन गेगा या अभियंत्यानं 1854 मध्ये लोहमार्ग काढला, आणि 1857 मध्ये व्हिएन्नाहून निघालेली गाडी थेट त्रिएस्तेला पोहोचली. आपल्या बोरघाटातून गाडी 1863 मध्ये वर चढली. दोन्ही ठिकाणी कोडं एकच होतं: उत्तम बंदर आहे, पण डोंगर ओलांडल्याशिवाय त्याला मुलूख नाही. मुंबईला घाटानं दख्खन दिलं, त्रिएस्तेला अर्धा युरोप.

हे दोन घाट लवकरच एकमेकांना जोडले गेले. सुएझ कालव्याच्या कंपनीचा एक उपाध्यक्ष त्रिएस्तेचा धनिक होता, पास्क्वाले रेव्होल्तेल्ला. कालवा 17 नोव्हेंबर 1869 ला उघडला. बिचारा दोनच महिने आधी गेला. त्याचा वाडा आज शहराचं कलासंग्रहालय आहे. कालवा झाल्यावर लॉइडच्या बोटी मुंबईला येऊ लागल्या आणि इथला कापूस त्रिएस्तेमार्गे ऑस्ट्रियाच्या गिरण्यांत जाऊ लागला. पहिल्या महायुद्धानंतर ही कंपनी इटलीची झाली आणि लॉइड त्रिएस्तीनो नाव लावू लागली. गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी ब्रिंदिसीला ज्या ‘पिल्स्ना’ बोटीत चढले आणि 28 डिसेंबर 1931 ला मुंबईत उतरले, ती याच कंपनीची.

आणखी एक धागा सांगितल्यावाचून राहवत नाही. रिचर्ड बर्टन हा इंग्रज 1842 मध्ये मुंबईच्या फौजेत दाखल झाला, इथे हिंदुस्थानी, गुजराती, मराठी शिकून परीक्षा दिल्या, गोव्याला गेला आणि 1851 मध्ये गोवा व निलगिरीवर एक तिरकस पुस्तक छापलं. गोवेकरांनी ते वाचून चिडावं असंच आहे. त्या माणसाची शेवटची नेमणूक त्रिएस्तेची. 1872 पासून 1890 मध्ये मरेपर्यंत तो तिथे ब्रिटिश वाणिज्यदूत होता. कामाचा बोजा बेताचा असावा, कारण याच काळात त्यानं अरबी रात्रींच्या गोष्टींचं अवाढव्य भाषांतर पुरं केलं.

या शहरात परक्या लेखकांची सोय लागे, हे खरंच. जेम्स जॉइस इथे इंग्रजीच्या शिकवण्या करत, उसनवारी करत, घरं बदलत वर्षानुवर्षं राहिला. ‘युलिसिस’ची सुरुवात इथलीच. त्याच्या विद्यार्थ्यांत एत्तोरे श्मित्स नावाचा एक वयस्क गृहस्थ होता, सासऱ्याच्या जहाजाच्या रंगाच्या कारखान्यात काम करणारा. तरुणपणी त्यानं इतालो स्व्हेवो या टोपणनावानं दोन कादंबऱ्या लिहिल्या होत्या, कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. शिक्षकानं विद्यार्थ्याला पुन्हा लिहितं केलं, आणि 1923 मध्ये ‘झेनोची जाणीव’ ही कादंबरी आली. इटालियन साहित्यात तिला आज मोठं स्थान आहे.

आता 1918. 3 नोव्हेंबरला इटलीची युद्धनौका ‘औदाचे’ धक्क्याला लागली. धक्क्याचं नाव बदलून मोलो औदाचे झालं, लोकांनी फुलं उधळली. त्रिएस्तेतल्या इटालियन भाषकांचं स्वप्न पुरं झालं आणि त्याच दिवशी शहराचा धंदा बसला. व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट आता परदेशात गेले. इटलीला बंदरांची कमतरता कधीच नव्हती. सासर मिळावं आणि माहेर जप्त व्हावं, तशी गत झाली.

पोट रिकामं असताना अभिमान फार भडकतो. 1910 च्या सुमारास शहरातली जवळजवळ चौथाई वस्ती स्लोव्हेन होती. त्यांचं सांस्कृतिक केंद्र नारोदनी दोम 13 जुलै 1920 रोजी फॅसिस्टांनी जाळलं. पुढे त्यांच्या शाळा बंद झाल्या, आडनावंसुद्धा इटालियन करायला लावली गेली. समुद्राकडे एक बाजू उघडी असलेला इथला मोठा चौक सगळ्या पर्यटनपत्रिकांवर असतो. याच चौकात 18 सप्टेंबर 1938 ला मुसोलिनीनं ज्यूंविरुद्धचे कायदे घोषित केले. जर्मनांनी ताबा घेतल्यावर शहराच्या दक्षिणेला सान साब्बा इथली भाताची गिरणी छळछावणी झाली. तिच्या आवारात शवदाहिनी बांधली आणि हजारो माणसं मारली. सूड पुढे आलाच. मे 1945 पासून युगोस्लाव्हियाच्या टिटोचं सैन्य चाळीस दिवस शहरात होतं, आणि पठारावरच्या खोल विवरांत माणसं ढकलली गेली. कुणी आधी काय केलं, यावर तिथे आजही आवाज चढतात. बाहेरच्या माणसानं दोन्ही जागा पाहाव्यात आणि तोंड बंद ठेवावं.

1947 ते 1954 हे शहर कुठल्याच देशाचं नव्हतं. ब्रिटिश-अमेरिकन फौजांच्या कारभारात होतं. 26 ऑक्टोबर 1954 ला ते इटलीत परत आलं, पण मागचा इस्त्रियाचा मुलूख युगोस्लाव्हियाकडे राहिला. तिथून लाखो इटालियन भाषक घरदार सोडून निघाले. ज्यांना नव्या गावी जागा मिळाली नाही त्यांनी सामान त्रिएस्तेच्या जुन्या बंदरातल्या गोदामात ठेवलं. परत न्यायला पुष्कळजण आलेच नाहीत. खुर्च्यांचे ढीग, कपाटं, ताटल्या, शिवणयंत्रं, त्यांवर मालकांची नावं. फाळणी पाहिलेल्या देशातल्या माणसाला तिथे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

इतकं सोसलेलं शहर उदास असेल असं वाटतं. तसं नाही. त्रिएस्तेकर सुखासीन आहे. इटलीत इतरत्र एस्प्रेसो मागतात, इथे ‘नेरो’ म्हणायचं. थोडं दूध घातलेली ‘कापो’, तीच काचेच्या पेल्यात हवी तर ‘कापो इन बी’. इल्ली कॉफी 1933 पासून इथलीच. 1914 चं काफे सान मार्को अजून चालू आहे. एका कपावर दोन तास बसलात तरी उठवत नाहीत. दुपारी उकडलेलं डुकराचं मांस, वर किसलेलं तिखट मूळ, किंवा आंबवलेला कोबी, घेवडा आणि बटाट्याचं दाट ‘योता’. जेवण असं व्हिएन्नाचं, भाषा इटालियन आणि पठारावरचा यजमान स्लोव्हेन. शेतकऱ्यानं घरची दारू, अंडी, हॅम घरच्या अंगणात विकावी अशी परवानगी दुसऱ्या जोसेफनं 1784 मध्ये दिली, ती प्रथा आजही आहे. वाटेवर झाडाची डहाळी टांगलेली दिसली की समजायचं, आज अमक्याकडे उघडं आहे.

उन्हाळ्यात कचेरी सुटली की सगळं गाव बार्कोलाच्या किनाऱ्यावर. वाळू नाहीच, सिमेंटच्या कट्ट्यावर टॉवेल पसरून मजेत पडतात. गावातच एक जुनं स्नानस्थळ आहे, तिथे पुरुष आणि बायका यांच्यामध्ये पाण्यात शिरणारी पांढरी भिंत आहे. ती पाडायची कल्पना कुणाला रुचत नाही. सर्वात कमी रुचते ती बायकांना. एवढी निवांत जागा त्यांना दुसरी नाही! हिवाळ्यात मात्र बोरा. पठारावरून खाली कोसळणारा गार वारा, ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरचे झोत. चढावाच्या रस्त्यांवर धरून चालायला दोर बांधत असत.

मुलूख गेलेल्या शहरानं आणखी दोन गोष्टी केल्या, त्या मला चौकापेक्षा मोठ्या वाटतात. फ्रांको बाझालिया या मनोविकारतज्ज्ञानं 1971 पासून इथल्या वेड्यांच्या इस्पितळाची कुलपं काढायला सुरुवात केली. 1973 मध्ये रुग्णांनी केलेला भलामोठा निळा घोडा दाराबाहेर काढून शहरभर मिरवला, आणि 1978 मध्ये अशी इस्पितळं बंद करणारा कायदा इटलीभर झाला. दुसरी गोष्ट, पाकिस्तानी शास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी 1964 मध्ये इथे सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र उभं केलं. गरीब देशांतल्या संशोधकानं काही महिने यावं, ग्रंथालय आणि सहकारी मिळवावेत, आणि आपल्या देशात परतावं, हा त्यांचा हेतू. आपल्याकडचे शेकडो अभ्यासक तिथे राहून आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गणिती एम. एस. नरसिंहन नव्वदच्या दशकात तिथल्या गणित विभागाचे प्रमुख होते.

आणि बंदर? ते पुन्हा चालू लागलंय. 1967 मध्ये आल्प्स ओलांडून बव्हेरियापर्यंत तेलाची नळवाहिनी गेली. 2007 मध्ये स्लोव्हेनियाच्या सरहद्दीवरची फाटकं उघडली. तुर्कस्तानहून ट्रक भरून बोटी येतात आणि ते ट्रक, कंटेनर रेल्वेनं ऑस्ट्रिया-जर्मनीकडे जातात. एकूण टनांच्या हिशोबात हे आज इटलीचं पहिलं बंदर आहे, आणि 1719 ची ती जकातमाफी नव्या रूपात टिकून आहे. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या जी-20 परिषदेत भारत, आखाती देश आणि युरोप यांना जोडणारा व्यापारमार्ग जाहीर झाला. त्याचं युरोपातलं टोक आपण व्हावं अशी त्रिएस्तेची धडपड चालू आहे. तो मार्ग कागदावरून किती उतरेल याबद्दल मी साशंक आहे, पण मागचा मुलूख परत मिळाला की हे बंदर जगतं, एवढं दिसून आलंय.

आपल्या सहली व्हेनिसला जातात, गोंडोलात बसून फोटो काढतात आणि फ्लॉरेन्सची गाडी पकडतात. व्हेनिसहून त्रिएस्ते रेल्वेनं साधारण दोन तास आहे. पुढच्या वेळी तेवढा एक दिवस काढा. ऑक्टोबरचा दुसरा रविवार साधलात तर शिडाच्या होड्यांची मोठी शर्यतही दिसेल. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर छत्री नेऊ नका. बोऱ्यात ती टिकत नाही.