मंडळी जमते कशी, मोडते कशी



चार जणांनी एकत्र बसून सूर जुळविणे कठीण खरे. परंतु जुळलेला सूर वर्षानुवर्षे टिकविणे त्याहून पुष्कळच कठीण. गायकाचे चरित्र लिहिणारे अनेक भेटतात, मंडळीचे चरित्र लिहिणारा विरळा. आज त्याविषयी दोन शब्द बोलावेत असे योजिले आहे.

आपल्याकडे या इतिहासाचा प्रारंभ किर्लोस्कर नाटक मंडळीपासून करावा लागतो. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले व १८८२ साली ‘सौभद्र’. १८८५ साली अण्णासाहेब निवर्तले, १९०१ साली भाऊराव कोल्हटकरही गेले. तथापि मंडळी मोडली नाही. नाटके, चाली आणि शिस्त ही कोणा एकाची मिरास राहिली नव्हती, हेच त्याचे कारण मला दिसते. १९०५ साली तरुण बालगंधर्व या मंडळीत आले आणि १९१३ साली गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह बाहेर पडले. गंधर्व नाटक मंडळी निघाली ती या तिघांची म्हणून. पुढे टेंबे गेले, बोडसही गेले. वैभव वाढत राहिले, आणि त्याच्या पाठोपाठ कर्जही.

हा केवळ आपल्याच मातीचा दोष आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातील एल सेरिटो या गावी जॉन फोगर्टी, स्टू कुक व डग क्लिफर्ड या तीन शाळासोबत्यांनी १९५९ च्या सुमारास एक वाद्यवृंद काढला. जॉनचा वडील बंधू टॉम त्यांना येऊन मिळाला. ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ या नावाने त्यांनी १९६९ या एकाच वर्षात तीन मोठ्या तबकड्या काढल्या. गीते बहुतेक जॉनची, कंठ जॉनचा आणि निर्णयही जॉनचाच. इतरांस वाटा हवा होता. १९७१ साली टॉम निघून गेला, १९७२ साली मंडळी विसर्जित झाली. १९९० साली टॉम वारला, तोवर भावाभावांतील तेढ मिटली नव्हती. १९९३ साली त्या वाद्यवृंदाचा मोठा सन्मान झाला, तेव्हा जॉनने उरलेल्या दोघा सोबत्यांबरोबर वाजविण्याचे नाकारले.

याच्या उलट एक प्रसंग आपल्याकडचा. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडाकरिता संयुक्त ‘मानापमान’ झाले. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी झाले आणि ‘ललितकलादर्श’चे केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन धनी एका रंगमंचावर उभे राहिले. ४ ऑक्टोबरला केशवराव निवर्तले. तीन महिनेसुद्धा लोटले नव्हते. तो प्रयोग पुढे ढकलला गेला असता, तर पुन्हा होणे नव्हते.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो.

माझी नोकरी अंबाजोगाई तालुक्यातील खेड्यांत झाली. एका शाळेत मी मुलांची भजनी मंडळी उभी केली होती. पखवाज वाजविणारा मुलगा ऊसतोड करणाऱ्या घरचा. दिवाळी झाली की तो आईबापांबरोबर कारखान्याच्या फडावर जाई, तो उन्हाळ्याच्या तोंडी परते. एका वर्षी दिवाळीपूर्वी तालुक्याच्या स्पर्धेत आमच्या मंडळीस पहिला क्रमांक मिळाला. अर्ज मीच भरला होता व त्यावर नाव लिहिले होते एकट्या गाणाऱ्या मुलाचे. प्रमाणपत्र तसेच आले. मुलगा फडावरून परतला, भिंतीवरचे प्रमाणपत्र त्याने वाचले, आणि दुसऱ्या दिवशी पखवाजास कणीक लावावयास तो आला नाही. महिन्याभरात मंडळी मोडली. मी त्याच्या घरी जावयास हवे होते. परंतु मास्तराने मुलाची क्षमा कशी मागावी, हा अभिमान आडवा आला.

निवृत्त झाल्यावर मात्र मी गेलो. आता तो स्वतः मुलाबाळांचा धनी आहे. त्याने चहा दिला, माझे बोलणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “गुरुजी, तुमच्या हजेरीपटावर माझं नाव होतं की. पुढं गैरहजर लिहिलेलं.” तो हसला, मला हसता आले नाही.

बालगंधर्वांच्या गाण्यामागे तबल्यावर अहमदजान थिरकवा होते, सारंगीवर कादरबक्ष होते. त्यांची नावे जाणकार आजही आदराने घेतात. आपल्या घरी, गल्लीत वा शाळेत एखादी मंडळी असेल, तर तिच्या वहीत साथीदारांची नावे, टाळ धरणाऱ्या शेवटच्या मुलापर्यंत, आजच लिहून ठेवावीत. आणि कोणी रुसून बसला असेल, तर त्याच्या घरी आपण आधी जावे. एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.