कागद तिच्या नावाचा
(जालना जिल्ह्यातील महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्या अंबड, घनसावंगी, मंठा भागातल्या कितीतरी बायका ऊसतोडीला जातात. शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, रेशनकार्डावर सासरचं नाव, आणि वर्षातले काही महिने मुक्काम कारखान्याजवळच्या कोपीत. अशी बाई स्कूटीचं लायसन्स काढायला निघाली की ऐकून घेते, ‘कागद जुळत नाहीत, मालकाला घेऊन या.’ आपल्याच जिल्ह्यात ती परकी ठरते!

खरं तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात लायसन्ससाठी नागरिकत्वाची अट नाही. परदेशी माणूसही पासपोर्ट, व्हिसा आणि इथला पत्ता दाखवून अर्ज करू शकतो. पुरावा लागतो तो वयाचा आणि पत्त्याचा. कोणते कागद चालतात, ते १९८९ च्या केंद्रीय नियमांतल्या नियम ४ मध्ये दिलंय. सबळ कारणाने त्यातलं काहीच देता आलं नाही, तर कार्यकारी दंडाधिकारी किंवा नोटरीपुढे केलेलं प्रतिज्ञापत्र अधिकारी स्वीकारू शकतो. नवऱ्याची संमती कुठेही मागितलेली नाही. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे, असाही कायदा नाही.

म्हणून टोळ्या गाव सोडण्याआधी प्रत्येकीचे कागद एकदा मांडून बघू या. नकार मिळाला तर तो लेखी मागू या, आणि एकटीला पाठवू नका, चौघी मिळून जा.

बाईच्या घरात कागद पुष्कळ असतात. तिच्या स्वतःच्या नावाचे किती, ते आज घरी जाऊन मोजा.