आधी अभ्यासक्रम, मग विषय

केंद्रीय विद्यापीठांतील पदवी अभ्यासक्रमांसाठी २०२२ पासून ‘सीयूईटी’ ही सामायिक प्रवेशपरीक्षा घेतली जाते. त्यामुळे तेथे बारावीचे गुण बहुतांशी पात्रतेपुरते उरले असून गुणवत्तायादी या परीक्षेवरून ठरते. २०२५ मध्ये उमेदवारास अधिकाधिक ५ विषय घेता आले. प्रत्येक विषयास ५० प्रश्न आणि ६० मिनिटे होती. अचूक उत्तरास ५ गुण, चुकीच्या उत्तरास उणे १. मराठीसह १३ भाषांतून ही परीक्षा देण्याची सोय होती.

अनेक विद्यार्थी सोपे वाटणारे विषय निवडून अर्ज भरतात आणि अभ्यासक्रमाचा विचार निकालानंतर करतात. हा क्रम उलटा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र (ऑनर्स) अभ्यासक्रमाचेच उदाहरण घ्या. त्यासाठी गणिताची परीक्षा आवश्यक असते. ती न दिलेल्या विद्यार्थ्यास अन्य विषयांत कितीही गुण मिळाले, तरी त्या वर्षी तेथे प्रवेश मिळत नाही. इथे उणीव बुद्धीची नसते, नियोजनाची असते.

म्हणून प्रथम आवडीचे तीन-चार अभ्यासक्रम निश्चित करा. प्रत्येक विद्यापीठाचे त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचून आवश्यक विषयांचा तक्ता करा आणि मगच अर्ज भरा. आपल्या राज्यातील महाविद्यालयाचा अर्जही मुदतीत भरून ठेवा. माहितीपत्रक वाचण्यात घालवलेली एक संध्याकाळ तुमचे संपूर्ण वर्ष वाचवू शकते.