कादंबिनीचे दुसरे मरण

रवींद्रनाथ ठाकूरांची ‘जीवित ओ मृत’ ही बंगाली कथा १८९२ सालची. तिच्यातील कादंबिनीला भूत मानणारी पहिली व्यक्ती स्वतः कादंबिनीच आहे. भुताची गोष्ट म्हणून जे ही कथा वाचतात, त्यांच्या हातून नेमके हेच निसटते.

राणीहाटचे जमीनदार शारदाशंकर यांची ही धाकटी विधवा भावजय. माहेरी कोणी उरलेले नाही. दिराचे लहान मूल तेवढे तिच्या जिवाचा विसावा. श्रावणातल्या एका रात्री तिचे हृदय एकाएकी बंद पडते. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून चार ब्राह्मण नोकर प्रेत घाईघाईने स्मशानात नेतात. लाकडांची वाट पाहत असता प्रेत हालते, राखण करणारे पळत सुटतात. आणि पुढे प्रेत जागेवर नाही असे पाहून ‘दहन उरकले’ असे घरी सांगतात. कादंबिनीचे मरण या एका थापेवर उभे आहे.

पण तिला स्वतःला ते खरे का वाटावे? ती थाप तर तिच्या कानी गेलेलीच नाही. बंदोबस्ताच्या अंतःपुरातली स्त्री जिवंत असती तर अपरात्री स्मशानात कशी आली असती, असा तिचा तर्क चालतो. तर्क म्हणून तो बिनतोड आहे! ज्या घरात तिची जागा मुळातच उसनी होती, तेथून एकदा बाहेर पडल्यावर परतायचे तरी कोणत्या नात्याने?

बालमैत्रीण योगमाया तिला आश्रय देते. तेथेही ती स्वतःच्याच भयाने रात्री किंचाळते. योगमायेच्या मनात मात्र भुताच्या आधी मत्सर शिरतो. पती श्रीपती या परक्या स्त्रीविषयी सहानुभूती दाखवितो, हे तिला खपत नाही.

राणीहाटला परतल्यावर आजारी मूल झोपेतच काकीपाशी पाणी मागते. ते तिला भीत नाही. त्याला उराशी धरताच आपण मेलो हा तिचा समज गळून पडतो. आणि त्याच घटकेला घरची वडील माणसे तिला माया सोडून जाण्याची विनवणी करू लागतात. मुलाची साक्ष कोण मानणार? काशाच्या वाटीने कपाळ फोडून ती रक्त दाखविते, तेही कोणास पटत नाही. ती धावत जाऊन अंतःपुरातील पुष्करिणीत उडी घेते. माडीवर असलेल्या शारदाशंकरांच्या कानी पडतो तो केवळ पाण्याचा आवाज.