नवा फळा आणि जुने टाचण

भिलाई म्हटले की पोलादाचा कारखाना डोळ्यांपुढे उभा राहतो. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी झालेल्या करारातून त्याचा जन्म झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेन्द्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. यंत्रे आली, तशी ती चालविणारी माणसेही घडवावी लागली. तरुण अभियंते शिक्षणासाठी रशियात गेले; इकडे रशियन तज्ज्ञांचे बोलणे दुभाष्यांच्या तोंडून ऐकत माणसे कामाला लागली. परकी यंत्रविद्या अंगवळणी पाडून घेणे या गावाला नवे नाही. आज तेच काम तेथील छात्राध्यापकांच्या वाट्याला आले आहे. त्यांचे यंत्र म्हणजे भट्टी नव्हे, वर्गाच्या भिंतीवरचा फळा!

१९८७ साली सरकारने खडू-फळा मोहीम हाती घेतली, तेव्हा प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळ्यासारखी आवश्यक साधने मिळावीत, एवढीच माफक अपेक्षा होती. पुढे २०१८ च्या अर्थसंकल्पात काळ्या फळ्याकडून डिजिटल फळ्याकडे जाण्याची घोषणा झाली आणि २०१९ साली तशी मोहीमही सुरू झाली. दोन मोहिमांमध्ये अंतर अवघे तीन दशकांचे. दरम्यान पहिली मोहीम सर्वत्र पुरी झाली होती की नाही, हे विचारण्यास फारसे कोणी थांबले नाही.

हा स्पर्शफलक चालविणे कठीण नाही. जुन्या प्रकारात समोरच्या प्रक्षेपकातून चित्र पडते. म्हणून वर्ग सुरू होण्यापूर्वी दाखविलेल्या खुणांवर बोट टेकवून फळा जुळवून घ्यावा लागतो, नाही तर अक्षर बोटाखाली न उमटता वीतभर बाजूला उमटते. शिवाय शिक्षकाची सावली नेमकी आकृतीवर पडते. नव्या प्रकारात पडदा स्वतःच उजळतो. त्याच्या कडांतून अदृश्य किरणांचे जाळे पसरलेले असते आणि बोटाने किरण अडले की जागा कळते. हे सारे एका दुपारी शिकता येते. शिकण्यास महिने लागतात ते पाठाचे टाचण.

समजा, एखाद्या छात्राध्यापिकेला माध्यमिक वर्गात लोखंडाच्या निर्मितीवर सराव पाठ द्यावयाचा आहे. हर्बार्टची पंचपदी तिला पाठ असते. पहिल्या प्रयत्नात ती काय करते? रंगीत भट्टी, तीतून उसळणाऱ्या ज्वाळा, वितळलेल्या रसाचा प्रवाह, जोडीला आवाज. मुले खूश होतात, टाळ्याही पडतात. पण दुसऱ्या दिवशी भट्टीत चुनखडी कशासाठी घालतात, असे विचारले तर वर्ग गप्प! जे विचार मुलांनी करावयाचे, ते फळ्यानेच करून टाकलेले असतात.

मग टाचण नव्याने लिहिले जाते. या वेळी पडद्यावर भट्टीची रिकामी आकृती आणि कडेला तीन वस्तू: दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज, कोक आणि नंदिनीची चुनखडी. कोक जळून जो वायू होतो, तो खनिजातील प्राणवायू हिरावून घेतो. चुनखडीचा चुना वाळूसारख्या अशुद्ध द्रव्यांशी संयोग पावून मळी बनतो. आता प्रश्न असा, की भट्टीच्या तळाशी मळी वर राहील की लोखंड? उत्तर लगेच दाखवावयाचे नाही. फळ्याजवळ एकच मूल उभे राहू शकते, बाकीचा वर्ग बाकांवरच असतो. तेव्हा प्रत्येकाने आधी आपला तर्क वहीत लिहावयाचा, मगच एकाने बोटाने थर सरकवावयाचे. ज्यांचे वडील कारखान्यात कामाला आहेत, अशा मुलांना येथे काही सांगावयाचे असते, आणि ते ऐकून घेण्यास पाठात जागा लागते. चुकीच्या उत्तरावर तत्काळ लाल फुली मारण्याची सोय यंत्रात असते. ती बंद ठेवणेच श्रेयस्कर, कारण फुली पडली की चर्चा संपते.

लंडनच्या शाळांतून या शतकाच्या आरंभी असे फळे मोठ्या संख्येने बसविण्यात आले. त्या योजनेचा अभ्यास होऊन २००७ साली अहवाल निघाला. पहिल्या वर्षात विद्यार्थ्यांच्या गुणांत त्यामुळे वाढ झाल्याचे त्यात आढळले नाही. यंत्राला दोष देण्याचे कारण नाही. जुनाच पाठ नव्या पडद्यावर दिला, तर दुसरे काय होणार?

बी.एड. आता दोन वर्षांचे झाले असून शाळेतील अनुभवासाठी त्यात वीस आठवडे ठेवले आहेत. तेवढ्या काळात वीज जाणे, पडदा न उघडणे हेही घडतेच, आणि खडूने भट्टीची आकृती झरझर काढता येणाऱ्या छात्राध्यापिकेचा पाठ त्या दिवशी अडत नाही.

या फळ्याला एक गुण मात्र असा आहे, की जो जुन्या फळ्याला कधीच नव्हता. त्यावरील लेखन पुसावे लागत नाही. तास संपताना मुलांचे सारे तर्क, चुकलेलेदेखील, तसेच जपून ठेवता येतात. दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा उघडले, की लोखंड वर आणि मळी खाली ठेवणारा मुलगाच बहुधा प्रथम हात वर करतो. हलकी मळी वर तरंगावयास हवी होती, हे त्याला आता दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.