हजेरीपटामागचे दुखणे



आजचा विषय पत्रिकेत वाचून काहींना वाटले असेल की, वैद्यकाच्या वर्गात सांगावयाची ही गोष्ट वसंत व्याख्यानमालेत कशाला? पण ज्या मुलांविषयी मी बोलणार आहे ती आपल्याच गावात, आपल्याच आळीत राहतात. ती आपल्याला दिसत नाहीत, कारण ती घरात असतात. ती शाळेच्या वेळेला घरात का असतात, एवढाच माझा प्रश्न आहे.

ह्या विकाराला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मराठीत मेंदूचा पक्षाघात. जन्मापूर्वी, जन्मतेवेळी किंवा जन्मानंतर थोड्याच काळात वाढत्या मेंदूला इजा होते आणि हातापायांवरचा, कधी जिभेवरचाही, ताबा बिघडतो. दर हजार जन्मांमागे साधारण दोन-तीन मुलांच्या वाट्याला हे येते. लंडनच्या विल्यम जॉन लिटल या शस्त्रवैद्याने १८६१ मध्ये त्याचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला. पुढे १८९७ मध्ये व्हिएन्नाच्या एका मज्जाविकारतज्ज्ञाने शंका काढली की, अवघड बाळंतपण हेच कदाचित आधीपासून असलेल्या बिघाडाचे लक्षण असेल. हा तज्ज्ञ म्हणजे सिग्मंड फ्रॉइड, स्वप्नांच्या मागे लागण्यापूर्वीचा! आज आपल्याला ठाऊक आहे की पुष्कळ मुलांत इजा जन्मापूर्वीच झालेली असते. तेव्हा आईने ग्रहण पाळले नाही, सुईण चुकली, असे निवाडे देण्याची घाई आपण सोडलेली बरी.

मेंदूतली ही इजा वाढत जात नाही, ती आहे तेवढीच राहते. मग दुसरीत येणारा मुलगा सहावीत का दिसत नाही? लोक म्हणतात, त्याला झेपले नाही. बुद्धीचे कारण पुढे करणे फार सोपे असते. ऑस्ट्रेलियातील आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये जो हिशेब मांडला, त्यात बुद्धीची मर्यादा निम्म्या मुलांत आढळते, म्हणजे निम्म्यांत ती नसते. आणि वेदना? चारांपैकी तिघांना. चारांत एकाला आकडी येते, चारांत एकाला बोलता येत नाही, पाचांत एकाला धड झोप लागत नाही.

ह्यांतला वेदनेचा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. ज्याला बोलता येत नाही त्याने दुखते आहे हे सांगावे कसे? तो रडतो, अंग ताठ करतो, खुर्चीत बसवू देत नाही. आपण म्हणतो, हट्टी आहे. बाई चिठ्ठी पाठवतात की मुलाला वर्गाची गोडी नाही. पुष्कळदा त्याचा खुबा दुखत असतो. मांडीचे स्नायू ताठ राहिल्यामुळे खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकतो. तिघांत एका मुलाचे असे होते, आणि आरंभी ते बाहेरून दिसत नाही, एक्स-रेतच दिसते. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून अशा प्रत्येक मुलाची नियमाने तपासणी करण्याची पद्धत पडली. खुबा सरकू लागताच उपाय होऊ लागले आणि सांधा पुरता निखळण्याचे प्रकार तेथे जवळजवळ थांबले. नवे औषध सापडले म्हणून नव्हे. वेळेवर पाहिले म्हणून.

आता एक गोष्ट सांगतो, ती चारचौघांत बोलायला आपण संकोचतो. मुलाला संडासात नेणारे शाळेत कोणी नसते, म्हणून आई सकाळपासून त्याला पाणी देत नाही. तिचे काय चुकले? पण पाणी कमी, हालचाल कमी, म्हणजे बद्धकोष्ठ ठरलेलेच. त्याने पोट दुखते, भूक मरते, स्नायू अधिकच आखडतात, रात्रीची झोप जाते. लघवीचा दाह होतो, ताप येतो. आठवडाभर शाळा बुडते. हजेरीपटावर लिहिले जाते 'आजारी', आणि खरा आजार असतो शाळेच्या संडासाचा! नुसते 'आजारी' लिहिण्याऐवजी कारण लिहिले, आकडी आली, पोट दुखले, छाती भरली, आणणारे कोणी नव्हते, तर चार महिन्यांत त्या पानावरून डॉक्टरला बरेच काही वाचता येईल.

आकडीच्या औषधाने काही मुलांना पहिल्या तासाला गुंगी असते. तेव्हा गणित दुपारी घ्यावे आणि औषधाच्या वेळेबद्दल डॉक्टरांना विचारावे; औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये. भरवताना मूल आडवे असेल तर घास श्वासनलिकेत जातो आणि छातीचे आजार मागे लागतात. त्याला ताठ बसवून, सावकाश भरवावे लागते. डब्याच्या सुट्टीची पंधरा मिनिटे त्याला पुरत नाहीत.

आणि मग येते अकरावे-बारावे वर्ष. हाडे झपाट्याने वाढतात, ताठ स्नायू त्यांच्या बरोबरीने वाढत नाहीत, म्हणून काल चालणारे मूल आज अडखळते. सहा वर्षांचे मूल आईच्या कडेवर जिना चढते. बाराव्या वर्षी आईची कंबर नाही म्हणते. गळती नेमकी येथे होते.

मुंबईत १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी ह्या मुलांसाठी पहिली शाळा काढली, तेव्हा कायद्याचा आधार नव्हता. आता २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. पण कायदा मुलाला उचलून वर्गात नेत नाही. वर्ग तळमजल्यावर आणावा लागतो, आणि त्याला पैसा लागत नाही. मुख्याध्यापकांची एक सही लागते.

येथे शाळांचे चालक बसले असतील. त्यांना माझी विनंती आहे की, उद्या शाळेत गेल्यावर संडासाच्या दाराची रुंदी मोजून पाहावी. चाकांची खुर्ची आत जाते काय, आत गेल्यावर वळते काय, धरायला भिंतीला दांडी आहे काय, आणि हाक मारली तर येणारे माणूस कोण, हेही त्याच वेळी ठरवून टाकावे.